मंजुळाबाईची न खायची अंबाडी

मंजुळाबाईच्या वावरातून कुणी रिकाम्या हातानं परत गेलं, असं कधी घडलं नव्हतं. कनेरगाव नाक्यावरून वाशिमकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून धर्मसिंगचा ढाबा आहे आणि ढाब्याच्या पाठीमागं, उताराला, तिचं दोन एकर काळंभोर रान. त्या रानात मेथी, शेपू, चुका, पालक आणि पावसाळ्यात अंबाडी. ढाब्यावर शिजणारी मेथी तिचीच. पण विकण्यापेक्षा वाटायची तिला घाई. पंक्चर काढायला थांबलेला ट्रकवाला असो, एस.टी.ची वाट बघणारी लेकुरवाळी असो, की बांधावरून सायकल ढकलत निघालेला टपालवाला असो, ती लांबूनच हाक द्यायची, "थांब रे बाबा, जुडी घेऊन जा. घरी भाजी निवडणारं हाय ना कोनी?"

तिचा नवरा संतराम मोजकंच बोलणारा. दिवसातून एखादं वाक्य त्याच्या तोंडून निघायचं, तेही बहुतेक तिच्या या वाटपाबद्दलच.

"तू भाजी इकून राहिली का वाटून राहिली?"

"दोन्ही करून राहिले," मंजुळाबाई म्हणायची आणि खळखळून हसायची. तिचं हसू ढाब्याच्या तंदूरपर्यंत ऐकू जायचं. आचारी म्हणायचा, मंजुळामाय हसली, म्हंजे मेथी आली.

काही वर्षांपूर्वी तिच्या रानाच्या वरच्या अंगाला पत्र्याचं एक शेड उभं राहिलं. बाहेरगावच्या कुणा माणसानं जागा भाड्यानं घेतली होती. ट्रक भरभरून जुन्या बॅटऱ्या यायच्या. कामाची माणसं त्या कुऱ्हाडीनं फोडायची, आतलं तेजाब उताराला सोडून द्यायची आणि शिसं भट्टीत वितळवायची. धूर निघायचा, घसा खवखवायचा, आणि सकाळी मेथीच्या पानांवर पांढरट राख बसलेली असायची. मंजुळाबाई ती पदरानं झटकून टाकायची. शेजारच्या वावरातल्या इस्माईलभाईंनी आणि संतरामनं मिळून तक्रारी केल्या, चकरा मारल्या, आणि अखेर शेड बंद झालं. मालकानं गाशा गुंडाळला, तो गेला तो गेलाच. गावाला वाटलं, पीडा टळली.

पण तिच्या चंद्री म्हशीनं सांगितलं, टळली नाही म्हणून.

दिवाळीच्या सुमारास चंद्री विचित्र वागायला लागली. दात करकरा खायची, जागच्या जागी गोल फिरायची आणि मग भिंतीला डोकं टेकवून तशीच उभी राहायची. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं डोळे गेले. जनावरांच्या डॉक्टरांनी तिला नीट तपासलं, गोठ्यात चक्कर मारली आणि विचारलं, "हिला चारा कुठला घालता?"

"वरच्या बांधावरचा. लय लुसलुशीत हाय तिथं."

"वर काय होतं?"

मंजुळाबाईनं शेडकडं बोट केलं. डॉक्टर शेडपर्यंत चालत जाऊन आले. मग म्हणाले, "आजपासून तिथली एक काडी पण घालू नका. आणि तुम्ही स्वतः काय खाता, तेही मला सांगा."

चारा बदलला, इंजेक्शनं झाली आणि चंद्री हळूहळू ताळ्यावर आली. एका सकाळी धार काढताना तिनं संतरामला अशी लाथ घातली, की तो बादलीसकट आडवा झाला. मंजुळाबाईनं टाळ्या वाजवल्या. "बरी झाली! माझी चंद्री बरी झाली!" संतराम दुधानं न्हालेला, तसाच बसून हसत होता.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून परभणीहून शीतल आली. मातीचा अभ्यास करणारी, तिशीतली, डोक्याला उपरणं गुंडाळून उन्हात तासन् तास उभी राहणारी पोरगी. तिच्याजवळ एक यंत्र होतं, अगदी बंदुकीसारखं. तिनं ते शेडजवळच्या मातीला टेकवलं, तशी मंजुळाबाईनं दोन्ही हात वर केले.

"बाई, मातीला गोळी घालता का? तिनं काय गुन्हा केला?"

शीतल हसली. "गोळी नाही मावशी. ही बंदूक मातीला विचारते, तुझ्या पोटात काय काय आहे. मग यावर आकडा दिसतो."

"अन् मातीनं लपवलं तर?"

"म्हणून तर थोडी माती पिशवीत भरून लॅबमध्ये पण नेते. तिथं दुसऱ्यांदा विचारतात."

दुसऱ्यांदा विचारल्यावरही उत्तर तेच आलं. शेडच्या पायथ्याशी, जिथं तेजाबाचे ओघळ आले होते, तिथं शिसं भयंकर होतं. मधल्या पट्ट्यात त्याहून कमी, आणि ढाब्याकडच्या खालच्या पट्ट्यात आणखी कमी. पण पालेभाजी पिकवावी इतकं कमी कुठंच नव्हतं. शिसं पानात उतरतं, पानांवर धुळीसारखं बसतं आणि माणसाच्या अंगात साठतं. शीतलनं ओसरीवर बसून हे सगळं न घाबरवता, पण न लपवता सांगितलं.

मंजुळाबाईचं हसू त्या दिवशी पहिल्यांदा थांबलं. तिनं निवडायला घेतलेली मेथी बाजूला सारली. मग म्हणाली, "मी गावाला काय वाटून आले गं बाई?"

"तुम्ही भाजी वाटली मावशी. शिसं दुसऱ्यानं टाकलं," शीतल म्हणाली. "कधीमधी एखादी जुडी नेणाऱ्याला फारसा धोका नाही. रोज खाणाऱ्याला आहे. आणि इथली भाजी रोज कोण खायचं?"

रोज खाणारी तर तीच होती. सकाळी वावरात शिरलं, की मेथीची चार पानं तोडून तशीच तोंडात टाकायची, ही तिची लहानपणापासूनची सवय. गावात रक्ततपासणीचं शिबिर झालं तेव्हा इतरांचं बहुतेक ठीक निघालं, शिसं सापडलं ते तिच्याच रक्तात. हातापायांत येणाऱ्या मुंग्या आणि सारखं दुखणारं पोट कशामुळं, ते आत्ता कळलं. हिंगोलीचे डॉक्टर म्हणाले, अजून वेळ गेलेली नाही; तिथलं खाणं बंद करा, धुळीपासून जपा, दूध-डाळ नीट घ्या, शरीर आपोआप ते बाहेर टाकेल.

"म्हंजे माझ्या अंगात अन् माझ्या रानात एकच रोग हाय," मंजुळाबाई घरी येताना संतरामला म्हणाली. आणि बांधावर आल्यावर, "मंग दोघी संगंच बऱ्या होऊ की."

त्या दिवशी संतरामनं दुसरं वाक्य बोलून दाखवलं. "होशील."

रान बरं करायचं म्हणजे काय करायचं, ते शीतलनं टप्प्याटप्प्यानं समजावलं. शेडच्या पायथ्याची माती इतकी बिघडली होती, की ती खरवडून न्यायलाच हवी. बाकीच्या रानातलं शिसं मात्र असं उचलून नेता येण्यासारखं नव्हतं. थोडं झाडं आपल्या मुळांनी ओढून घेतील. उरलेलं शेणखत आणि सुपर फॉस्फेट घालून मातीतच असं जखडून टाकायचं, की पिकाच्या मुळाला ते सापडणार नाही.

"समजलं," मंजुळाबाई म्हणाली. "जेवढे चोर हाकलता येतील तेवढे हाकलायचे. जे निघत न्हाईत, त्यांला खांबाला बांधून ठेवायचं."

"बरोबर तसंच," शीतल म्हणाली. "हे मी पुढच्या गावात असंच सांगणार आहे."

उन्हाळ्याच्या तोंडाला मशीन आलं. धूळ उडू नये म्हणून आधी जागा पाण्यानं भिजवली. तोंडाला मास्क लावलेल्या माणसांनी वरचा थर खरवडला, जाड पिशव्यांत भरला, आणि ताडपत्री बांधलेला ट्रक तो घेऊन, असला कचरा गाडायची जी वेगळी जागा लांब असते, तिकडं निघाला. संतराम बांधावर उभा होता. मंजुळाबाई मात्र ट्रकच्या मागं मागं रस्त्यापर्यंत गेली. तिच्या सासूनं त्या मातीत कापूस वेचला होता, तिनं स्वतः त्या मातीत उभी हयात घातली होती. तिनं हात जोडले.

"जाय माय. तुहा काही दोष न्हाई," ती ट्रककडं बघत म्हणाली. डोळे पुसले, आणि वळून ढाब्यावर जाऊन कडक चहा मागितला.

माती गेली तिथं खड्डा राहिला. तो कशानं भरायचा, हा विचार चालला असतानाच इस्माईलभाई ट्रॅक्टर घेऊन दारात आले. "भाभी, तलाव आटलाय. तळाला काळा गाळ पडलाय, लोण्यासारखा. आपण तोच आणू."

शीतलनं आधी तलावातल्या गाळावर बंदूक चालवून पाहिली. गाळ निर्मळ निघाला. मग काय विचारता! इस्माईलभाईंचा ट्रॅक्टर निघाला, त्याच्या मागं दुसरा, तिसरा. ज्यांनी कधी ना कधी तिच्या रानातली जुडी नेली होती, ती सगळी माणसं फावडी घेऊन हजर झाली. ट्रॅक्टरवर कुणीतरी गाणी लावली. धर्मसिंगनं पोह्यांचं पातेलं बांधावरच आणून ठेवलं. नाक्यावर थांबलेल्या एस.टी.तून एका म्हातारबानं डोकं बाहेर काढून विचारलं, "कोनाची वरात हाय?"

"गाळाची!" मंजुळाबाई ओरडली. "नवरी तलावातून येऊन राहिली!"

संध्याकाळपर्यंत खड्डा भरला. गाळानं माखलेले पाय धुवायला विहिरीवर रांग लागली, आणि त्या रांगेत सगळ्यांत पुढं, गुडघ्यापर्यंत काळी, मंजुळाबाई हसत उभी होती. तिचं हसू पुन्हा ढाब्यापर्यंत पोचलं.

खरी परीक्षा पुढं होती.

पावसाळ्यात काय पेरायचं, असं विचारल्यावर शीतलनं जी नावं घेतली त्यांत पहिलं अंबाडीचं होतं. झपाट्यानं वाढते, मुळं खोल जातात, आणि वाळली की तिचा वाख, म्हणजे देठाचा धागा, काढून दोर वळता येतो. फक्त तिचं पान तोंडात जाता कामा नये.

मंजुळाबाई उडालीच. "अंबाडी, अन् खायची न्हाई? बाई, घरात नवी सून आणायची अन् तिच्याशी बोलायचंच न्हाई, असं करून राहिल्या तुमी!"

पण पेरली. आणि काय आली म्हणून सांगावी! नवा गाळ, भरपूर शेणखत, वेळेवरचा पाऊस. ज्यांना चांगली अंबाडी माहीत आहे त्यांच्या तोंडाला पाणी सुटावं अशी, देठाला लाली आणि पानाला तकाकी. शिसं डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती हिरवीगार भाजी. शेड, शिबिर, गाळाची वरात, सगळं लोकांना ठाऊक होतं, पण अंबाडी समोर आली की विसर पडायचा. ढाब्याच्या आचाऱ्यानं मूठभर तोडली, ती तिनं पातेल्यात पडता पडता हिसकावून घेतली. एस.टी.चा कंडक्टर गाडी थांबवून उतरला, त्याला तिनं हातातलं खुरपं दाखवत रस्त्यापर्यंत पोचवलं. चार शेळ्या घुसल्या, त्यांच्या मागं ती पदर खोचून धावली. रस्त्याच्या बाजूला संतरामच्या जुन्या सदऱ्याचं बुजगावणं उभं केलं आणि त्याच्या गळ्यात पाटी अडकवली: "ही अंबाडी खायची नाही." पाटी वाचून दोघं जण चौकशीला आले, खायची नाही तर मग विकायची आहे का म्हणून.

जिनं जन्मभर बोलावून दिलं, तिला आता दिवसभर हाकलावं लागत होतं. संध्याकाळी ती संतरामपाशी येऊन बसायची आणि म्हणायची, "अवो, 'न्हाई' म्हणून म्हणून माझं तोंड दुखायला लागलं."

सगळ्यांत अवघड झालं ते रहमतबीला नाही म्हणणं. रहमतबी म्हणजे इस्माईलभाईंची बायको आणि मंजुळाबाईची लग्न होऊन आल्यापासूनची मैत्रीण. दर पावसाळ्यात पहिली अंबाडी तिच्याकडं जायची, आणि तिच्या हातचं अंबाडा-गोश्त शिजलं की वास दोन वावरं ओलांडून यायचा. मंजुळाबाई मांस खायची नाही, म्हणून तिच्यासाठी रहमतबी डाळ घालून वेगळी अंबाडी करायची. त्या वर्षी रहमतबी टोपली घेऊन आली आणि मंजुळाबाईनं टोपली रिकामीच तिच्या हातात परत दिली.

"इतकं हिरवंगार उभं हाय, अन् मला चार पेंढ्या न्हाईत?"

"रहमत, तुला ठाऊक हाय ना सगळं. शिसं हाय त्यात."

"हौ, ठाऊक हाय. पन इतकी चांगली भाजी, जरा धुऊन घेतली तर?"

"धुऊन जात न्हाई गं ते. पानाच्या आत असतंय."

रहमतबी रिकामी टोपली कडेवर घेऊन निघून गेली. दुसऱ्या दिवशी विहिरीवर आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मंजुळाबाईला जेवण गोड लागेना. मैत्रीण रागावली हे एक, आणि तोंडावर महालक्ष्म्या आल्या होत्या हे दुसरं. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला अर्ध्या गावात अंबाडी जायची ती तिच्याच रानातली. आता बायका येतील, आणि प्रत्येकीला नाही म्हणायचं.

त्या विचारात असतानाच तिला एकदम सुचलं आणि ती चुलीपुढून उठलीच. "अवो, माझ्या माहेरी अंबाडी हाय का न्हाई?"

"असंल की," संतराम म्हणाला.

तिचं माहेर डोंगरकड्याचं. धाकटा भाऊ विजयकुमार तिथली शेती बघायचा. तिनं त्याला फोन लावला. त्याच्याकडं अंबाडी भरपूर होती, आणि आसपास कसली भट्टी नव्हती की कारखाना. तरीही तिनं शीतलला विचारलं, "माझ्या भावाच्या वावरावर बंदूक चालवावी लागंल का?"

"नको मावशी," शीतल हसून म्हणाली. "तिथली बिनधास्त खा. मला पण ठेवा."

दुसऱ्या दिवशी मंजुळाबाई एस.टी.नं हिंगोली, तिथून कळमनुरीवरून डोंगरकड्याला पोचली. भाऊ, भावजय आणि ती, तिघांनी मिळून दुपारपर्यंत अंबाडी कापली आणि पोती भरली. परतीच्या एस.टी.त ती पोती ठेवल्यावर माणसांना पाय ठेवायला जागा उरली नाही. कंडक्टर कुरकुरला, पण पोत्यात काय आहे ते कळल्यावर त्यानं विचारलं, "ही खायची हाय का?" तो तोच होता, खुरप्याच्या धाकानं पळालेला.

"ही खायची हाय," मंजुळाबाई म्हणाली आणि त्याच्या पिशवीत पेंढी कोंबली. मग पुढच्या बाकावरच्या बाईला, मग तिच्या शेजारणीला. कनेरगाव येईपर्यंत एक पोतं हलकं झालं होतं.

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी सकाळी ती पोती घेऊन बांधावर बसली. पाठीमागं न खायची अंबाडी वाऱ्यावर डुलत होती, पुढ्यात खायच्या अंबाडीच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. बायका यायला लागल्या. आल्या त्या खाली मान घालून, हिला कसं विचारावं या विवंचनेत. गेल्या त्या पदरात भाजी घेऊन, मोठमोठ्यानं हसत. पण गावातली पहिली पेंढी मंजुळाबाईनं यांतल्या कुणाला दिली नव्हती. ती घेऊन ती स्वतः इस्माईलभाईंच्या दारात गेली.

रहमतबीनं दार उघडलं. पेंढीकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"कुठून आनली?"

"डोंगरकड्याहून. माहेरची हाय. तुला माझ्या वावरातली दिली न्हाई, ती राग होता म्हणून न्हाई गं."

रहमतबीनं तिला हाताला धरून आत ओढलं. "क्या बाई तू! एका भाजीसाठी इतक्या लांब जातंय का कोनी?" असं म्हणता म्हणता तिनं पेंढी हातातून घेतली, आणि मग दोघीही एकमेकींच्या खांद्याला धरून हसायला लागल्या. "खरं सांगू का," रहमतबी म्हणाली, "मला भाजीचा राग न्हवता. तू पहिल्यांदाच मला न्हाई म्हनलीस, तेच जिवाला लागलं."

त्या दिवसापासून रानाची राखण दोघींची झाली. आणि रहमतबीचा आवाज मंजुळाबाईपेक्षाही मोठा. तिनं एकदा "ए, हात लावू नको!" म्हटलं, की वाशिमच्या रस्त्यावरची मोटरसायकल हळू व्हायची.

फुलं लागल्यावर अंबाडी कापली. पानं आणि मुळं पिशव्यांत बंद करून, जिकडं बिघडलेली माती गेली होती, तिकडंच पाठवली. देठं प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात भिजत घातली, त्यांचा वाख सोलला. शीतलनं वाख तपासून घेतला, तो वापरायला निर्धोक निघाला. आणि मग कुणाच्या ध्यानीमनी नसलेली गोष्ट घडली. संतरामला दोर वळता यायचे, लहानपणी शिकलेला. त्यानं चऱ्हाटं वळली, दावी वळली, आणि ती घेऊन तो जवळा बाजारच्या आठवडी बाजारात जाऊन बसला. मंजुळाबाई सोबत गेली होती, कारण हा माणूस गिऱ्हाइकाशी बोलणार तरी काय, याची तिला काळजी. चहा घेऊन परत येते तो काय, संतराम उभा राहून, हातातलं चऱ्हाट हवेत फिरवत ओरडतोय, "या, ओढून पाहा! दोन बैल लावा, तुटलं तर फुकट न्या! शिसं खाऊन उभी राह्यलेली अंबाडी हाय ही!"

मंजुळाबाईच्या हातातला कप तसाच राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याचा हा आवाज ऐकला नव्हता. बाजार उठेपर्यंत सगळी चऱ्हाटं गेली. परतताना एस.टी.त तो सारखा बोलतच होता, आणि ती आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसून ऐकत होती.

रब्बीत मोहरी आणि सूर्यफूल पेरलं. दोन्ही खाण्यासाठी नव्हे, रानासाठी. पौषात सगळं रान पिवळं झालं, तशा रस्त्यावरच्या गाड्या थांबायला लागल्या. पोरी फोटो काढायच्या. एकदा तर लग्न ठरलेलं एक जोडपं फोटोग्राफर घेऊन आलं आणि नवरदेव सूर्यफुलांत उभा राहिला. मंजुळाबाई बांधावरून ओरडली, "फोटो लय काढा, पन बी खाऊ नका! अन् जाताना हातपाय धुऊन जा!" हात धुवायला तिनं बांधावर पाण्याचा पिंप आणि साबण ठेवला होता. धर्मसिंगच्या ढाब्यावर बसायला जागा पुरेना, तेव्हा त्यानं चार खाटा वाढवल्या आणि मंजुळाबाईला म्हणाला, "मौसी, मेथी नाही मिळाली तरी चालेल. हे पिवळं असंच राहू द्या."

"तुहं चालंल," ती म्हणाली. "माझं न्हाई चालत."

असे तीन हंगाम, चार हंगाम गेले. दर खेपेला पीक काढायचं, बाहेर पाठवायचं, पुन्हा शेणखत, पुन्हा फॉस्फेट, पुन्हा शीतलची बंदूक. आकडा कधी भराभर उतरायचा, कधी रुसून तिथंच बसायचा. एका वर्षी तर मधल्या पट्ट्यात तो किंचित वर चढला. मंजुळाबाईला वाटलं, सगळी मेहनत वाया गेली. शीतलनं खणून पाहिलं तर फुटलेल्या बॅटऱ्यांचे तुकडे एका जागी पुरलेले सापडले. ते उचलून नेले आणि आकडा पुन्हा खाली यायला लागला.

यंदाच्या उन्हाळ्यात लॅबचा निकाल शीतलच्या फोनवर आला, तेव्हा ती मुद्दाम परभणीहून गाडी करून आली. खालचा, ढाब्याकडचा पट्टा मोकळा झाला होता. तिथं भेंडी, तूर, गवार घ्यायला हरकत नव्हती, कारण फळात आणि दाण्यात शिसं सहसा उतरत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तपासून पालेभाजीही घेता येणार होती. मधला पट्टा अजून दोन-तीन वर्षं फुलांचाच. आणि शेडच्या पायथ्याला, गाळ भरला तरी, कायमची झाडंच लावायची, खायचं काही नाही.

"म्हंजे सगळं न्हाई झालं बरं," मंजुळाबाई म्हणाली.

"सगळं नाही," शीतल म्हणाली. "पण जे झालंय ते पक्कं झालंय."

तिच्या रक्ताची तपासणीही त्याच महिन्यात झाली. डॉक्टरांनी कागद दाखवत म्हटलं, "आता तुमच्यात आणि माझ्यात फरक नाही." हातापायांच्या मुंग्या तर कधीच्याच गेल्या होत्या.

भेंडीची पहिली तोड धर्मसिंगच्या ढाब्यावर शिजली. रहमतबीनं स्वतः उभं राहून फोडणी दिली, कारण आचाऱ्यावर तिचा भरवसा नव्हता. शीतल, इस्माईलभाई, जनावरांचे डॉक्टर, सगळे पंगतीला होते. जेवता जेवता शीतलनं विचारलं, "मावशी, पुढच्या वर्षी खालच्या पट्ट्यात मेथी टाकायची का मग?"

मंजुळाबाईनं घास थांबवला. सगळ्यांना वाटलं, ही उडीच मारणार. पण ती म्हणाली, "घाई करू नका. अजून एक वर्ष जाऊ द्या. दोनदा तपासून घ्या, मंग टाकू." शीतलनं तिच्याकडं पाहिलं आणि मान डोलावली. तिच्यापेक्षा आता मावशीच जास्त कडक झाली होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शीतलचा फोन आला. जवळा बाजारच्या पलीकडं एका गावात तसंच शेड होतं, तशीच भट्टी. तिथल्या शिवकन्या नावाच्या बाईच्या रानाचा निकाल वाईट आला होता आणि ती कुणाशी धड बोलायला तयार नव्हती. "मावशी, तुम्ही याल का माझ्यासोबत?"

मंजुळाबाईनं लुगडं बदललं आणि निघाली. शिवकन्या तिच्या रानाच्या कडेला दगडावर बसली होती, तिशी-पस्तिशीची, तोंड घट्ट मिटलेलं. मंजुळाबाई तिच्या शेजारच्या दगडावर बसली. आधी तिनं रानावरून नजर फिरवली. मग म्हणाली, "म्हशी कुठं बांधतीस?"

शिवकन्यानं शेडच्या बाजूला बोट केलं.

"ऊठ मग. आधी त्या दुसरीकडं बांधू."

दोघींनी मिळून म्हशी सोडल्या, घराच्या मागं नेऊन बांधल्या, स्वच्छ कडबा घातला. हात धुता धुता शिवकन्या पहिल्यांदा बोलली. "वर्षं लागतील म्हणतात मॅडम. इतकी वर्षं मधी करायचं काय?"

"मधी?" मंजुळाबाई हसली, तिचं ते दोन वावरं पलीकडं ऐकू जाणारं हसू. "मधी लय काम असतंय बाई, अन् लय माणसं येतात. तू चहापत्ती तेवढी जास्त आणून ठेव."